हिरव्या दोऱ्याचा ब्रश

आमच्या केकच्या धंद्याची गोष्ट निघाली की मुली म्हणतात, "पप्पा, ब्रशचं सांगा." मोठ्या ऑर्डरींचं नको, नव्या ओव्हनचं नको, ब्रशचंच. कारण त्या गोष्टीत त्यांचा बाप गाढव ठरतो, आणि आपला बाप गाढव ठरल्याची गोष्ट मुलांना कधी शिळी होत नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी नवी मुंबईत पावण्याच्या एका कारखान्यात क्वालिटीत होतो. क्वालिटीत म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूत चूक शोधायची, तिच्यावर लाल खडूनं फुली मारायची आणि घरी येऊन बायकोला सांगायचं की आज फार राबलो. अकरा वर्षं मी फुल्या मारल्या. मग एके दिवशी मालकानं कारखान्यावरच फुली मारली, गेटला टाळं लागलं आणि मी घरी आलो.

घरी बायकोनं केक सुरू केले होते. नेरूळला सिडकोच्या दोन खोल्या, त्यातल्या मागच्या खोलीत पत्र्याचा गॅस ओव्हन. नाताळात चर्चमधल्या लोकांचे प्लम केक, सोसायटीतल्या पोरांचे वाढदिवस, अधूनमधून ऑफिसांना पॅटिस. त्यावर घर चालत नव्हतं, पण रांगत होतं. मी रिकामा झाल्यावर तिनं मला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. मुलाखत झाली नाही. झाली असती तर मी नापास झालो असतो.

तिच्याकडे बिनअंड्याचे केकही व्हायचे आणि त्यांचे नियम कडक होते. बिनअंड्याची भांडी वरच्या फळीवर, अंड्याची खालच्या. साचे वेगळे, चमचे वेगळे, ब्रशसुद्धा वेगळे. ब्रश दोन होते, अगदी जुळे भाऊ. एकानं बिनअंड्याच्या साच्यांना आतून तूप फासायचं. त्याच्या दांड्याला ओळखीसाठी हिरवा दोरा बांधलेला. दुसऱ्यानं पॅटिसवर फेटलेलं अंडं फिरवायचं. त्याला काही नाही.

"एवढं कोण बघतंय?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"कुणी बघत नाही म्हणूनच," ती म्हणाली. "त्यांनी आपला नेमधर्म आपल्या हातात दिलाय. तो सांडायचा नाही."

तिचे वडील नगरकडे मिशन शाळेत मास्तर होते. माझ्याशी लग्न करण्यापलीकडे त्या मुलीच्या हातून फारशी चूक झालेली नव्हती.

मग बा आल्या. वाशीच्या धान्यबाजारातल्या एका जैन व्यापाऱ्याची ही आई. अख्खं मार्केट त्यांना बा म्हणायचं, म्हणून आम्हीही बाच म्हणालो. बाजारात त्यांच्या नव्या गाळ्याचा मुहूर्त शनिवारी संध्याकाळी होता. सुनांची हौस अशी की पंचवीस व्यापारी घरांना पेढ्यांऐवजी केक द्यायचे. बांना ते पसंत नव्हतं. सुना कुठून अंडं आणतील याचा भरवसा नाही म्हणून त्या स्वतःच बघायला आल्या होत्या. सोबत स्वतःची पाण्याची बाटली. त्यांनी वरची फळी पाहिली, साचे उलटे करून पाहिले, एक तर नाकाशी धरून हुंगला.

"बेन, अंडा नाय ना? एकपण नाय?"

"नाही, बा."

"सोगंद खा. तुझ्या पोरींची."

माझी बायको पदराला हात पुसत म्हणाली, "बा, आम्ही शपथ घेत नाही."

"का नाय?"

"लहानपणापासून तसं शिकवलंय. हो तर हो, नाही तर नाही. वर शपथ लावायची म्हणजे आधीचं हो कच्चं होतं, असंच ना?"

बांच्या भुवया वर गेल्या. "सोगंद नाय खात? मग मनात काय तरी असते."

मला समोर पंचवीस केक दिसत होते. पंचवीस केकांच्या मागे पंचवीस घरं, त्यांच्या दिवाळ्या, त्यांच्या साखरपुड्यांची रांग. घर रांगायचं सोडून उभं राहण्याची ती पहिली संधी होती आणि माझी बायको तिला दारातूनच परत पाठवत होती. मी पुढे सरसावलो.

"बा, मी घेतो ना शपथ! आईची घेऊ?"

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी आई हयात असती तर तिनंही तोंड फिरवलं असतं. बांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू कशाला? तू तर बनवत पण नाय."

मग उठता उठता म्हणाल्या, "ठीक. पंचवीस बनव. पण लक्षात ठेव बेन, पंचवीस घरचा धरम हाय."

गुरुवारी मी ठरवलं की एवढ्या मोठ्या ऑर्डरीआधी आपणही काही करून दाखवावं. माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. सगळी भांडी, चमचे, दोन्ही ब्रश मी उकळत्या पाण्यात सोडा घालून धुतले. हिरवा दोरा तुपानं काळा पडला होता, तो कापून टाकला. शिवणाच्या डब्यातून नवा हिरवा दोरा घेतला, ब्रशला बांधला, वर झकास गाठ मारली. बायकोला दाखवलं. "छान," ती म्हणाली. अकरा वर्षांत कारखान्यात मला कुणी छान म्हटलं नव्हतं. तो सगळा दिवस मी तरंगत होतो.

शुक्रवारी सकाळी केक झाले. साच्यांना तूप लावायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते हिरव्या दोऱ्याच्या ब्रशनं जीव लावून केलं. दुपारी बारापर्यंत पंचवीस केक टेबलावर, पलंगावर, शिवणयंत्रावर रांगेत बसले होते. सोनेरी, फुगलेले. बायको खोकी आणि रिबीन आणायला गेली. जाताना म्हणाली, "तेवढ्यात पॅटिसवर अंडं फिरवून ठेवा."

मी बिनदोऱ्याचा ब्रश उचलला. अंडं फेटलं. ब्रश बुडवणार तेवढ्यात आठवलं, अंड्याच्या ब्रशचा दांडा एकदा गॅसवर पोळलेला आहे. तोही माझ्याच हातून. हातातल्या ब्रशचा दांडा मात्र कोरा होता.

दुसरा ब्रश उचलला. हिरवा दोरा बाजूला सरकवला. त्याच्या बरोबर खाली काळा डाग.

नवा दोरा मी अंड्याच्या ब्रशला बांधला होता.

आता माझ्यासारख्या माणसाचं डोकं अशा वेळी किती वेगानं चालतं ते सांगतो, कारण एरवी ते चालत नाही. ब्रश उकळत्या पाण्यातून निघालाय. सोड्यातून निघालाय. वर ओव्हनची आच. अंड्याचा अंश उरलाच असेल तर माझ्या पगारवाढीएवढा, म्हणजे भिंगातूनही न दिसणारा. चव नाही, वास नाही, पाहिलेलं कुणी नाही. कारखान्यात असा माल माझ्यासमोर आला असता तर मी डोळे मिटून पास केला असता.

मी दोरा कापला, बरोबर ब्रशला बांधला, पहिल्यापेक्षा चांगली गाठ मारली. पॅटिसवर अंडं फिरवलं आणि खुर्चीवर हात बांधून बसलो.

बायको आली. खोकी खाली ठेवली.

"सगळं ठीक ना?"

"हो," मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर मी जोर लावून सांगितलं असतं, मुलींची, आईची, कुणाचीही शपथ घेतली असती आणि त्या गोंधळात निभावलं असतं. पण तिनं माझं ते एवढंसं हो घेतलं, तुपाची बरणी फळीवर ठेवावी तसं ठेवून दिलं, आणि जमिनीवर बसून खोकी घडवायला लागली. गुणगुणत होती. एक खोकं झालं. दुसरं झालं. तिसऱ्या खोक्याला माझ्या तोंडून निघालं:

"अगं, नाही."

"काय नाही?"

"मघाशी हो म्हणालो ते. नाही."

सगळं सांगितलं. पोळलेला दांडा दाखवला. मग तिनं पंचवीस केकांकडे पाहिलं, एकेक करून, जणू त्यांचा निरोप घेत होती. मैद्याच्या डब्यावर बसली. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "चपला घाला."

"कुठं?"

"वाशीला."

"अगं, शेजारून फोन करू की."

"फोनवर तोंड दिसत नाही."

"हे बघ, ही ऑर्डर गेली की मार्केट गेलं. त्या आधीच म्हणाल्यात, शपथ घेत नाहीत म्हणजे मनात काहीतरी आहे. आता तर आपण पुरावाच घेऊन चाललोय!"

"जाऊ दे गेलं तर. कारखाना गेला त्या दिवशी जेवलोच ना आपण? तुम्ही तर दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या होत्या."

दारात तिनं डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना केली. मी एकाच पायात चप्पल घालून आमेन म्हटलं.

बांचं घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सुना नारळांना कापड गुंडाळत होत्या. बायको म्हणाली, "बा, ह्यांना काहीतरी सांगायचंय," आणि एक पाऊल मागे सरकली. मी सांगितलं. मराठीत सुरू केलं, हिंदीत घसरलो, मध्येच इंग्रजीत 'प्रोसेस' वगैरे आलं. शेवटी खिशातून ब्रश काढून पोळलेला दांडा दाखवला. एक सून म्हणाली, "जाने दो ना बा, इतना तो चलता है. धोया हुआ था."

बांनी हात वर केला. सगळे थांबले.

"कोणी बघितला?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"खाल्ला असता तर कळला असता?"

"नाही, बा."

"मग आला कशाला?"

रिक्षात मी दोन-तीन भारदस्त वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "बायकोनं विचारलं सगळं ठीक ना, तर मी हो म्हणालो," मी म्हणालो. "ते काही पचेना."

बा माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू सुरकुत्यांत गेला आणि मला कळेना, ह्या रडतायत की काय. बा हसत होत्या. दात नसलेल्या तोंडानं, पोट धरून.

हसू ओसरल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. "उद्या पाच वाजता नवा पंचवीस पाहिजे. होणार?"

"होणार, बा. साचे नवे, तूपही नवं. सामान आमचं. चूक आमची आहे."

"हो?"

"हो."

"बस," बा म्हणाल्या. सोगंदीचं नाव नाही.

शनिवारी सकाळी आठला दारात रिक्षा थांबली. बा. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला कोरा ब्रश. त्याच्या दांड्याला हिरवा दोरा आधीच बांधलेला, चांगले सात-आठ वेढे देऊन.

"मी बांधला," त्यांनी बायकोला सांगितलं. मग माझ्याकडे बोट केलं. "हा हात नाय लावणार."

मी हात लावला नाही. बा ओव्हनशेजारी स्टुलावर बसल्या, माळ ओढत. मध्येच माळ थांबवून म्हणायच्या, "बेन, तो कोपरा जळते," आणि खरंच जळत असायचा. माझी बायको त्या दिवशी राणी दिसत होती. केसांवर मैदा, घामानं थबथबलेली, एकामागून एक साचे ओव्हनमध्ये सरकवणारी. साडेतीनला शेवटचं खोकं बंद झालं. रिबीन बांधायची परवानगी मला मिळाली. ती मी पंचवीसही खोक्यांना बांधली आणि एकदाही चुकलो नाही, हे नमूद करून ठेवतो.

गाळ्यात झेंडूची तोरणं, धान्याच्या नव्या पोत्यांचा वास, आणि माणसंच माणसं. आम्ही खोकी मांडून कोपऱ्यात उभे होतो. एक जाडजूड आजी, बांच्या नात्यातल्या, खोक्यावरचं आमचं नाव वाचून बायकोकडे आल्या.

"तुम्ही ख्रिश्चन ना? यात अंडा नाय ना? सोगंद खा."

बायकोनं तोंड उघडायच्या आत मागून बांचा आवाज आला, सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल एवढा.

"ए लोक सोगंद नाय खात! गरज नाय. चुकला तर घरी येऊन सांगते!"

अख्खा गाळा आमच्याकडे वळून बघायला लागला. मी आयुष्यात कधी एवढ्या लोकांसमोर एकाच वेळी गाढव आणि मानकरी ठरलो नव्हतो. त्या आजींनी एकदा बांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि म्हणाल्या, "मग माझ्या नातीच्या साखरपुड्याला चाळीस."

पहिले पंचवीस केक कुठे गेले हे लोक विचारतात. रविवारी उपासना झाल्यावर चर्चच्या अंगणात वाटले, उरलेले कारखान्याच्या टाळ्यासमोर बसणाऱ्या माझ्या जुन्या सोबत्यांना. पाळकसाहेबांनी तीन तुकडे खाल्ले आणि विचारलं, "आज काय विशेष?" बायको म्हणाली, "ह्यांच्या चुकीचा प्रसाद." त्यांनी चौथा उचलला.

दिवाळीपर्यंत पत्र्याचा ओव्हन पुरेनासा झाला. कारखान्याचं टाळं पुढं उघडलं आणि मला बोलावणंही आलं, पण तोवर मी घरच्या क्वालिटीत कायम झालो होतो. रिबीन, खोकी, डिलिव्हरी. दोऱ्याचं खातं माझ्याकडे आजतागायत आलेलं नाही. बा गेल्या. त्यांनी दिलेला ब्रश झिजून दांड्यापुरता उरला, तो ओव्हनच्या वर खिळ्याला टांगलाय. दोरा तसाच आहे.

मोठी ऑर्डर असली की बायको अजूनही ओव्हन लावायच्या आधी विचारते, "सगळं ठीक ना?" मी आधी चष्मा लावतो, वाकतो, ब्रशचा दांडा दोन्ही बाजूंनी फिरवून बघतो. मग म्हणतो, "हो."

ती काडी पेटवते.