शेवटचे पंधरा किलोमीटर

मंडळी, आज डोकं जाम तापलंय. तुम्हालाच सांगते.

कन्याकुमारीहून एकटी सायकलवर निघाले, त्याला आज चोपन्न दिवस झाले. आज नरडाण्याला घरी पोचायचं होतं. सकाळी धुळ्याच्या एसटीडी बूथवरून घरी फोन केला, तीच माझी चूक!

दुपारी दोनला सोनगीरला आले, तर माझे नानाकाका ट्रॅक्टर घेऊन रस्त्यातच उभे.

"नाना, मी सायकलवरच येते ना!"

"चार वाजता अमावस लागस, बेटा. त्याना पहिले तुना पाय घरमा पडाले जोयजे. बठ्ठं गाव वाट दखी राह्यनं!" म्हणत त्यांनी सायकल उचलून ट्रॉलीत टाकलीसुद्धा.

अहो, घर पंधराच किलोमीटरवर होतं आणि दोन तास हातात होते. मी रमतगमत पोचले असते!

घरी भाकरतुकडा ओवाळला, फटाके फुटले. मी मात्र सगळ्यांवर फुगून बसलेय.

पण खरं सांगू? नाना सायकल उचलत होते तेव्हा हँडल माझ्याच हातात होतं. मीच सोडलं. आणि क्षणभर इतकं बरं वाटलं, की त्याचाच जास्त राग येतोय.

आता तुम्हीच सांगा, उद्या लोकांनी विचारलं तर काय म्हणू? कन्याकुमारी ते नरडाणा, की कन्याकुमारी ते सोनगीर?