बाईंचा डावा हात

विद्यापीठात नर्सिंग शिकवणाऱ्या बाईंचा डावा हात कायम काळानिळा असायचा. सुया टोचण्याच्या सरावासाठी विद्यापीठानं रबरी पुतळा आणला होता खरा, पण तो कुलुपात. "मुली खराब करतील," हे कुलसचिवांचं पालुपद. विनवण्या करून बाईंच्या चपला झिजल्या. शेवटी त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. घरी तो शेकताना सासूबाई विचारायच्या, "अगं, शिकवतेस की मार खातेस?"

तपासणी समिती आली त्या दिवशी पुतळा थाटात पलंगावर निजवला होता, अंगावरचं प्लॅस्टिकही न काढता. "मुली रोज यावरच हात बसवतात," कुलसचिव छाती फुगवून म्हणाले. समितीच्या अध्यक्षांनी एका मुलीला सांगितलं, "दाखव बरं, सलाइनची सुई कशी लावतेस."

मुलगी सवयीनं पुतळ्याला वळसा घालून थेट बाईंकडे गेली आणि त्यांची बाही वर सारू लागली. कुलसचिव डोळे वटारून खाकरले. मुलगी गोरीमोरी झाली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी स्वतःच बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात समितीपुढे धरला.

"टोच गं. आपली प्रयोगशाळा बघायलाच आलेत ना हे?"