मळ्यात मागवलेली स्कूटर

शनिवार, ८ फेब्रुवारी. काम: भाड्याच्या कॅम्पर गाडीत पाणी भरणं, कुत्र्याला फिरवणं. फुलंब्रीजवळ वाइनच्या द्राक्षांच्या मळ्यात आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो. कुत्र्यांना तिथं मुभा होती, पण आमच्या कुत्र्यानं सकाळपासून लघवीच केली नव्हती. घरी तो फक्त माझ्या स्कूटरच्या चाकावर करतो.

"एवढा मळा पडलाय, ताई. आवडला नाय व्हय त्याला?" मळेवाल्यानं विचारलं.

नवरा कुत्र्याला म्हणाला, "कॅम्परला सहा चाकं आहेत. कुठलंही घे."

संध्याकाळी कुत्रा कण्हायला लागला. मी उस्मानपुऱ्यात आमच्या घरी असलेल्या दिराला फोन करून माझी स्कूटर मागवली.

"वहिनी, हे मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला आणि निघाला.

स्कूटर स्टँडवर लावायच्या आत कुत्रा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिराला एसटीत बसवलं आणि स्कूटर ठेवून घेतली.