तीन खाचांचा ओंडका

आमच्या गावात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी बोर्डांकडे बोट दाखवतो. सगळे बोर्ड मीच रंगवलेत. जुनी लाकडाची गिरणी, ओंडके भिजत ठेवायचा तलाव, जंगलातून माल आणणाऱ्या छोट्या रेल्वेचा अर्धा किलोमीटर रूळ आणि फाट्यावरचा दोन मजली उंच लाकूडतोड्या. त्याच्या हातातली कुऱ्हाड उलटी आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पर्यटन समितीला कळलं नाही.

पण खरी बघण्यासारखी आहे ती माझी सख्खी आत्या. वय बाहत्तर, नाकावर माशी बसू देणार नाही. गाव तिला टकटक म्हणतं. गिरणीत तिचं काम ओंडके वाजवून बघायचं. हातोडीनं टकटक करत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि कान देऊन ऐकायचं. झाडं वाढता वाढता जुना खिळा, साखळीचा तुकडा, काहीही पोटात घेतात. फिरत्या करवतीला ते लोखंड लागलं की पातं तुटून उडतं. म्हणून आवाज बदलला की आत्या कुऱ्हाडीनं ओंडक्यावर तीन खाचा मारायची. तीन खाचा म्हणजे हा कापायचा नाही. खडू पावसात धुऊन जातो, खाच जात नाही.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, मोठ्या करवतीवर होते. एक दिवस पातं तुटलं आणि काकांचा उजवा हात मनगटापासून गेला. आत्या घसा फोडून सांगत होती, की त्या ओंडक्यावर मी खाचा मारल्या होत्या. मुकादमानं माल वेळेत जावा म्हणून खाचा खाली करून तो चढवायला लावला. हा मुकादम सारखा मनगटाकडे बघायचा, म्हणून त्याला सगळे घड्याळराव म्हणत. चौकशीत त्यानं सांगितलं, ‘ओंडका जाळून टाकला, खाचबीच काही नव्हती, माणसाचंच लक्ष नव्हतं.’ ओंडकाच नाही म्हटल्यावर आत्याचं कोण ऐकणार? चोर तो चोर, वर शिरजोर.

काका त्यानंतर अकरा वर्षं जगले. शेवटच्या आजारपणात म्हणाले, “माझंच लक्ष नसेल गं.” या एका वाक्यावर आत्या जेवढी रडली, तेवढी ते गेले तेव्हाही रडली नाही.

गेल्या वर्षी गिरणीमागचा ढिगारा उपसला आणि तळाशी तो ओंडका सापडला. पात्याचा तुकडा अजून आत अडकलेला. समितीचा अध्यक्ष घड्याळरावांचाच मुलगा. बापानं काय केलं ते त्याला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. त्यानं ओंडका गिरणीत मांडलेल्या नव्या संग्रहालयाच्या हॉलमध्ये मधोमध ठेवला आणि बोर्डाचा मजकूर माझ्या हाती दिला: ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे तुटलेलं पातं.’ मी रंगवला. लाज वाटते सांगायला, पण मी अक्षरांची उंची बघितली, अर्थ बघितलाच नाही.

उद्घाटनाला आत्या तिकीट काढून आली. बोर्ड वाचला. मग माझ्याकडे वळली.

“हे तू लिहिलंस?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ती ओंडक्याभोवती एक फेरी मारून आली, वाकून खाली हात घातला आणि चाचपलं.

“पहार आण.”

अध्यक्ष धावत आला. “आत्या, वस्तूंना हात लावायचा नाही. पाहुणे आलेत. झाल्या गोष्टी उकरून काय मिळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“झाकायला मूठ लागते रे,” आत्या म्हणाली. “त्यांची तुझ्या बापानं इथेच ठेवून घेतली.”

“पेंटर, पहार आणलीस तर यापुढे समितीचं एकही काम मिळणार नाही,” तो माझ्यावर ओरडला.

मी पहार आणली. बघायला आलेले दोघे पुढे झाले, आम्ही जोर लावला आणि ओंडका पालथा झाला. खाचा तीन, मातीनं भरलेल्या.

“या काय, कुणी नंतरही मारल्या असतील,” अध्यक्ष पुटपुटला.

आत्यानं पदरानं तिसरी खाच पुसली. करवतीचा काप बरोबर तिच्यामधून गेला होता. आधी खाच, मग करवत. सांगायला वकील नको. अध्यक्ष दाराकडे निघाला तेव्हा त्याला कुणी वाट करून दिली नाही. आत्या मात्र खाचेवर हात ठेवून म्हणाली, “बघितलंत ना? लक्ष होतं तुमचं.” ती काकांशी बोलत होती. मला रडू आवरेना.

मी ब्रश घेतला आणि बोर्डावरची ओळ पांढरी केली.

“कोरं ठेवू नकोस,” आत्या म्हणाली. “उद्या म्हणतील, काही घडलंच नाही. लिही. खाचा तीन होत्या, तरी कापायला लावलं.”

मी लिहिलं. “आणि पुढे? हात गेला, असं लिहू?”

“गेला नाही. घेतला, असं लिही.”