चाचांचा जिना

न बांधलेल्या इमारतींमधून आमच्या ऑफिसातल्या चाचांइतका हिंडलेला माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. पंचवीस वर्षं आखातात उंच टॉवरांची ड्रॉइंगं काढून ते आगरदांड्याला परतले आणि घरी बसवेना म्हणून अलिबागला माझ्याकडे ड्राफ्ट्समन झाले. मी आर्किटेक्ट, ते माझ्या हाताखाली. पण हे फक्त पाटी वाचणाऱ्याला वाटायचं. कॉम्प्युटरवर मजले उभे राहिले की चाचा त्यांत राहायलाच जात. माउस सरकवत दारातून आत शिरायचे, चपला कुठे काढायच्या ते बघायचे, मासे साफ करणारीच्या हातावर उजेड पडतो की पाठीवर याची चौकशी करायचे. पाचव्या मजल्यापर्यंत जिना चढले की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना धाप लागायची आणि चहा मागवावा लागायचा. एकदा मी घाईत काढलेलं बाथरूम पाहून म्हणाले, "बेटा, याचं दार आत उघडलं की आतला माणूस कमोडवर चढणार." मोजून पाहिलं, तर खरंच चढावं लागणार होतं.

त्यांच्याच गावातली पाच मजली इमारत हे आमचं तोवरचं सगळ्यात मोठं काम. सगळी ड्रॉइंगं तयार झाल्यावर बिल्डरशेट आले. "जिना फूटभर अरुंद करा. प्रत्येक मजल्यावर खोली मोठी होतेय," म्हणाले. चाचांनी तसा जिना मॉडेलमध्ये काढला, वळणावर स्ट्रेचर ठेवलं आणि ते वळत नाही हे दाखवलं.

"लिफ्ट हाय ना."

"लाईट गेली की?"

"कॉम्प्युटरात काय, काहीपण दाखवता येतं."

हे मात्र चाचांना लागलं. "शेट, तुम्ही म्हणता तेवढाच जिना आपल्या या ऑफिसचा आहे. जरा आडवे व्हा," म्हणत त्यांनी कोपऱ्यातली घडीची खाट उघडली. शेट काय समजून आडवे झाले, मला आजही ठाऊक नाही. पुढून चाचा, मागून मी, अशी खाट उचलून आम्ही जिना उतरू लागलो. पहिल्याच वळणावर खाट भिंत आणि कठड्यात अशी अडकली की खाली जाईना, वर येईना. काम गेलं, असं मी धरूनच चाललो.

चाचा शांतपणे म्हणाले, "आता समजा, तुमच्या वडलांच्या छातीत कळ आलीय."

शेटनी पडल्या पडल्याच कठडा ढकलून पाहिला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जिना होता तसा. आधी मला उतरवा."

इमारत झाली. ताबा द्यायच्या दिवशी शेट तो रुंद जिना स्वतःची कल्पना म्हणून पाहुण्यांना दाखवत होते. चाचा एकेक पायरी चढत पाचव्या मजल्यावर गेले, मी मागोमाग. त्यांनी खिडकी उघडली. खाडीपलीकडून, दिघीकडून, फेरीबोट येत होती. भसकन वारा आत आला.

"हा कॉम्प्युटरात कळत नाही," ते म्हणाले.

आखातातल्या टॉवरांवरून काय दिसायचं, मी सहज विचारलं.

"कोण जाणे. चाळिसावे मजले काढले, बेटा, पण आत जायचा पास आमच्याकडे नसायचा. आपण काढलेल्या पाचव्या मजल्यावर आज पहिल्यांदा उभा आहे."

खाली पेढे वाटायला सुरुवात झाली होती. कुणीतरी जिन्यातून आम्हाला बोलावत होतं. मी हात करून थांबायला सांगितलं.