हंबीररावाची फुलं

इतिहास प्रत्येक घराकडून काहीतरी मागून घेतो, असं आमच्या चाळीचे सेक्रेटरी महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी म्हणाले. माईक खरखरत होता, पण वाक्य चांगलं होतं. खालच्या चौकातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आमच्या घराकडून इतिहासानं दोन अंडी घेतली. चिंचोक्याएवढी.

परळच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. तीत वडील, आई, मी आणि वडिलांची मोठी बहीण. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून सगळी चाळ तिला अक्का म्हणे. मी एकटी आत्या म्हणायचे. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला मुंबईच्या बोटीत बसवून भावाकडे पाठवलं. तिच्या मालकीचं म्हणावं असं घरात एक ट्रंक होती, एक चटई होती आणि दारासमोरच्या गॅलरीत डालड्याचे चार डबे होते.

डब्यांत आधी तुळस आणि ओवा होता. फुलं आली ती वडिलांमुळे. वडील कारकून होते. त्यांना इंग्रजी पुस्तकं आवडत आणि फूटपाथवर रद्दीच्या भावात मिळाली तर अधिकच आवडत. असंच एकदा त्यांनी बागकामाचं एक पुस्तक आणलं. मुखपृष्ठ गळालेलं होतं, पण हमिंगबर्डला बागेत कसं बोलवावं यावर एक अख्खं प्रकरण शाबूत होतं. ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं त्यांच्या घरामागे हिरवळ होती, कारंजं होतं. आमच्या घरासमोर गिरणीची भिंत होती. तरी वडिलांनी रविवारी ते प्रकरण मराठीत करून मोठ्यानं वाचलं.

"फूल लाल हवं, नाहीतर केशरी. नळीसारखं लांबट. वास नसला तरी चालेल, मध हवा. आणि मुख्य म्हणजे फुलं खुडायची नाहीत."

"कसला पक्षी म्हणालास?" आत्यानं तांदूळ निवडता निवडता विचारलं.

"हमिंगबर्ड, अक्का."

"हंबीर?"

"हमिंग. बर्ड."

"तेच ते. हंबीरराव."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. वाद संपवायची त्यांची ती पद्धत होती.

आत्यानं मनातल्या मनात गावची सगळी कुंपणं तपासली. गुलाबाला नळी नाही. सदाफुलीची नळी म्हणजे सुईचं भोक. गुलबक्षीला नळी चांगली, पण ती उमलते संध्याकाळी, तेव्हा पाखरं घरी जातात. शेवटी दोन झाडं उरली. एक अबोली. दुसरी मिरची जास्वंद, जिची फुलं लाल मिरचीसारखी मिटलेलीच लोंबत राहतात, कधी उमलत नाहीत. जास्वंदीची फांदी तिनं दादरच्या एका बंगल्याच्या माळ्याकडून मागून आणली. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, जे आई टाकून देई ते झाडांना मिळे. पाणी दुसऱ्या मजल्यावर ठिबकलं की खालची बाई ओरडे, "अक्का, वर देवळात अभिषेक चाललाय का गो?"

"चाललाय. प्रसाद पाठवू?"

हंबीरराव आले ते दिवाळीनंतर. अंगठ्याएवढा पक्षी, चोच वाकडी. उन्हात आला की निळाजांभळा चमके, सावलीत गेला की साधा काळा. मिरची जास्वंदीच्या देठाशी चोच खुपसून तो मध ओढी आणि चिवचिवत निघून जाई. मागून त्याची मळकट पिवळी बायको येई. वडिलांनी पुस्तकाशी ताडून पाहिलं. चोच जुळली, आकार जुळला. पुस्तकातला पक्षी हवेत एका जागी तरंगत मध पितो. आमचा फांदीवर बसून पीत असे. वडील म्हणाले, मुंबईच्या हवेनं सगळेच जरा आळशी होतात.

चाळीत इतरांकडेही फुलझाडं होती. तिथं तो पक्षी फिरकत नसे, आणि त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. इतरांची फुलं सकाळी सातच्या आत खुडली जात. निम्मी देवाला, निम्मी वेणीला. आमच्या डब्यातली फुलं कुणी खुडत नसे. मिरची जास्वंद उमलत नाही, म्हणून ती देवाला चालत नसे. आणि अबोली विधवेच्या हातची, म्हणून ती बायकांना चालत नसे. असं कुणी कधी बोललं नाही. माझी आईसुद्धा नाही. ती दारातली भरलेली अबोली ओलांडून बाजारात जाई आणि दोन पैशांची अबोलीची वेणी घेऊन येई. आत्या तिला म्हणे, "आज वेणी ताजी मिळाली हो." एवढंच.

म्हणजे पुस्तकातला सगळ्यात अवघड नियम आमच्याकडे आपोआप पाळला जात होता.

ते दिवस चळवळीचे होते. आत्या काही महाराष्ट्राच्या विरोधात नव्हती. मोर्चात ती चालली होती, घसा बसेपर्यंत ओरडली होती. ज्यांच्या घरातलं माणूस गोळीबारात गेलं, त्यांच्या दारात जाऊन बसली होती. तिथं कुणी भाषण केलं नाही, असं तिनं परत आल्यावर सांगितलं, आणि ते तिला बरं वाटलं होतं.

राज्य व्हायचं नक्की झालं तेव्हा हंबीररावाच्या बायकोनं आमच्या कपड्यांच्या तारेला घरटं टांगलं. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, कापूस आणि चळवळीच्या एका पत्रकाचा गुलाबी कपटा. लांबून पाहिलं तर जुनं जळमट लोंबतंय असं वाटे. आत्यानं त्या तारेवर कपडे वाळत घालणं बंद केलं. ओले कपडे खोलीत लटकू लागले. आई दोन दिवस कुरकुरली, मग तीही गॅलरीत जाताना वाकून जाऊ लागली.

मग सेक्रेटरी आले. "अक्का, मोठे पाहुणे येणार आहेत. सगळ्या गॅलऱ्यांत पणत्या आणि पताका. हे डबे गच्चीवर न्यावे लागतील."

"ने की. पण हा जास्वंदीचा राहू दे. वर अंडी आहेत."

"अक्का, महाराष्ट्र येतोय!"

"येऊ दे. माझा डबा काय त्याच्या वाटेत आहे?"

सेक्रेटरी हसले. माणूस वाईट नव्हता. वर मान करून त्यांनी घरटं पाहिलं, पिलं उडेपर्यंत ही तार आणि हा डबा तसाच राहील असा शब्द दिला आणि जाताना घरट्याला नमस्कारही केला. त्यांना नमस्काराची सवय होती.

सफाईला पलीकडच्या चाळीतले स्वयंसेवक आले. त्यांना शब्दाचं कुणी सांगितलं नव्हतं. आत्या तेव्हा बाजारात गेली होती. ती जिना चढून आली तेव्हा गॅलरी लख्ख होती, डबे नव्हते, आणि तारेवर पताका होत्या.

"इथं घरटं होतं," ती म्हणाली.

लांब झाडू घेतलेला तरुण आनंदानं म्हणाला, "घरटं नव्हतं मावशी, जळमट होतं. हे एवढं! कित्येक वर्षांत कुणी काढलं नसेल."

आत्या पिशवीसकट खाली गेली. कचऱ्याच्या पेटीशी ती बराच वेळ वाकून उभी होती. वर आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. तिनं भाजी निवडली.

संध्याकाळी आमच्या वाट्याच्या पणत्या तिनंच लावल्या. भाषण तिनं कठड्याशी उभं राहून ऐकलं. इतिहासाचं वाक्य आलं तेव्हा टाळ्या झाल्या. तिनंही वाजवल्या.

दुसऱ्या सकाळी मळकट पिवळी पक्षीण आली. चोचीत कापसाचा धागा होता. पताकांच्या मधून ती तारेच्या त्या जागेशी फडफडली, गेली, पुन्हा आली. वडील म्हणाले, "अक्का, बांधतील पुन्हा."

"कुणाच्या तारेवर?" आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मला गावी पोचव रे. इथं मी किती दिवस तुमचे कपडे ओले ठेवू?"

वडिलांनी नको म्हणून पाहिलं. आई रडली. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आधी आत्या गेली. दोन वर्षांनी गावीच वारली.

गच्चीवरच्या उन्हात मिरची जास्वंद वाळून गेली होती. अबोली जगली. आईनं तिचा डबा परत दारात आणला आणि पाणी घालू लागली. आता ती सवाष्णीच्या हातची अबोली होती. पहिली वेणी आईनं माझ्याच केसांत माळली. छान झाली होती. मग शेजारणी येऊ लागल्या आणि सातच्या आत झाड रिकामं होऊ लागलं. एकदोनदा तो पक्षी आला, पानांतून फिरला आणि गेला.

पुढे वडिलांना ग्रंथालयात पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. घरी येऊन त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. आमच्या गॅलरीत यायचा तो शिंजीर. हमिंगबर्ड हा पक्षी महाराष्ट्रात आढळत नाही.