पवनारच्या वेशीत अडकलेली बंडी

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. आम्ही आर्वीला राहायचो. हे तिथं कचेरीत कारकून होते आणि ह्यांना इतिहासाचं भारी वेड. दोन दिवस सुट्टी मिळाली तेव्हा मी म्हटलं, नागपूरला बहिणीकडे जाऊ. हे म्हणाले, "नागपूर काय पळून जातंय? आधी पवनार बघ. दीड हजार वर्षांपूर्वी राजांची राजधानी होती ती."

झालं. सकाळच्या मोटारीनं वर्धा, तिथून टांग्यानं पवनार. त्यात माहेरची रेशमी साडी नेसायची, हाही ह्यांचाच हट्ट.

टांगेवाल्यानं जुन्या दगडी वेशीपाशी सोडलं. बघतो तर कमानीत कापसानं भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, अडकलेली! दोन्हीकडची गाठोडी दगडाला घासत होती. मागे बकऱ्यांचा कळप आणि सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या बाया खोळंबल्या होत्या. बंडीवाला बैलांना हाकणार, तोच हे आडवे गेले.

"थांबा! कमान खरवडेल. किती जुनी आहे, ठाऊक आहे?"

"माह्या आज्यापासून इथूनच जाऊन राह्यलो न आमी," तो म्हणाला. "बाजूले व्हा साहेब, बाजार उठून जाईन तिकडं."

"बंडी मागे घ्या."

"मांगं बकऱ्या हायेत. अन् बैल काय उलटे चालते?"

मग ह्यांनी राजे काढले, राण्या काढल्या, ताम्रपट काढले. बंडीवाला ऐकेना, हे हलेनात. मी उन्हात ताटकळत उभी. एक सरपणवाली मला म्हणाली, "काऊन वो बाई, ह्यायले घरी कोनी बोलू देत नाई काय?" मला हसूसुद्धा आलं नाही.

शेवटी माझंच डोकं फिरलं. चपला काढल्या, पदर खोचला, चाकावर पाय देऊन चढले आणि कडेचं गाठोडं खाली लोटलं.

"अगं, काय करतेस!"

"तुमची कमान वाचवते."

दुसरं गाठोडं ह्यांच्या अंगावरच पडलं. मग बंडीवाल्यानंही दुसऱ्या बाजूची दोन उतरवली आणि बंडी सरळ बाहेर निघाली. कमानीला ओरखडासुद्धा नाही. माझी साडी मात्र चाकात अडकून हातभर फाटली.

"साहेब, बाईचं ऐकत जाजा," गाठोडी पुन्हा चढवताना बंडीवाला म्हणाला.

अंगावरचा कापूस झटकत हे मला म्हणाले, "चल, आता गढी बघू."

"तुम्हीच बघा."

आणि हे खरंच गेले! मी वेशीच्या सावलीत फाटका काठ धरून बसून राहिले. तासाभरानं हे परतले ते रुमालात विटेचा तुकडा बांधून. "केवढी जुनी, बघ तरी!" मी बघितलं. वीट ती वीट.

वर्ध्याला मोटारीची वाट बघताना ह्यांनी न विचारता गरम भजी आणून पुढ्यात ठेवली. भूक लागली होती, मी सगळी खाल्ली. ह्यांच्याशी बोलले मात्र दुसऱ्या दिवशी, तेही साडी रफू करायला कुठं द्यायची एवढं विचारण्यापुरतं.